मूळ ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने प्रतही गेली तर?

वाटाड्या (धागाकर्ता)

बॅकअपचा विषय निघाला की बहुतेक जण "आहे ना, घेतो आम्ही" म्हणतात, आणि ते खरंही असतं. तरीसुद्धा ऑनलाइन समूहांचं वर्षानुवर्षांचं लेखन आणि घरोघरचे फोटो नाहीसे होत राहतात. अशा घटनांचे तपशील वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की प्रतच नव्हती असं त्यात फार कमी वेळा घडलेलं आहे. प्रत होती, पण ज्या कारणाने मूळ गेलं ते कारण प्रतीपर्यंतही पोचलं.

जर्नलस्पेस नावाची ब्लॉगसेवा २००८ संपता संपता अशीच गेली. तिच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि एकीवर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटत असे. एक डिस्क मेली तर दुसरी आहे, एवढाच विचार त्यामागे होता. डिस्क काही मेली नाही. डेटाबेसवरच भलतं काही लिहिलं गेलं आणि ते एकाच वेळी दोन्ही डिस्कवर गेलं. डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांनाही त्यातून काही काढता आलं नाही.

लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २००९ मध्ये, मॅग्नोलिया ही वाचनखुणा साठवायची सेवा गेली. तिथे प्रत वेगळ्या ठिकाणी होती, पण मुळात बदल झाला की तो प्रतीतही व्हायचा. मूळ फाईल बिघडली आणि बिघडलेलीच फाईल प्रतीवर जाऊन बसली.

कोड स्पेसेसची गोष्ट जून २०१४ ची. लोकांचे सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणारी ही कंपनी भाड्याच्या क्लाउडवर चालत होती. एका खंडणीखोराने त्या क्लाउडच्या नियंत्रण खात्यात शिरकाव केला. कंपनीने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न सुरू करताच त्याने दिसेल ते पुसायला घेतलं. सर्व्हर, साठवलेला डेटा, बॅकअप, सगळं एकाच खात्यातून दिसत होतं, त्यामुळे सगळंच पुसता आलं. साधारण १२ तासांत कंपनी संपली.

आणि १० मार्च २०२१. स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच क्लाउडच्या डेटा सेंटरला मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. तिथल्या काही ग्राहकांचे बॅकअप मूळ सर्व्हरच्याच इमारतीत होते.

या चारही ठिकाणी 'बॅकअप आहे का?' या प्रश्नाला कोणीही मनापासून 'हो' म्हटलं असतं. म्हणून मला वाटतं प्रश्नच बदलायला हवा. मूळ कोणकोणत्या कारणांनी जाऊ शकतं, आणि त्यातलं प्रत्येक कारण माझ्या प्रतीपर्यंत पोचतं का? डिस्क मरते. माणसाच्या हातून चुकून पुसलं जातं. सॉफ्टवेअरचा नवा अपडेट डेटा बिघडवतो. घुसखोर शिरतो. आग लागते, पाणी शिरतं, चोरी होते. खातं बंद होतं. सेवा देणारी कंपनी गाशा गुंडाळते. आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते कारण: पासवर्ड माहीत असलेला एकमेव माणूस उपलब्ध नसतो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी, हा ३-२-१ चा नियम अनेकांना माहीत असेल. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो रूढ केला. नियम उत्तम आहे. पण आकडे पुरे केले म्हणजे काम झालं असं नाही. एकाच खात्यातून पुसता येणाऱ्या तीन प्रती या माझ्या लेखी एकच प्रत आहेत.

समूह चालवणाऱ्यांनी आणि घरचा डेटा सांभाळणाऱ्यांनी, दोघांनीही इथे लिहावं. कोणत्या कारणासाठी तुमची कोणती प्रत आहे, ते वाचायला आवडेल.

अबोली

चांगला विषय. एक प्राथमिक शंका विचारते. माझ्या फोनमधले फोटो काढल्याकाढल्या क्लाउडवर जातात. फोन हरवला तरी फोटो राहतात. हा बॅकअप झाला ना?

वाटाड्या

अबोली, फोन हरवणं किंवा फुटणं या कारणापुरता झाला. आता पुढची कारणं लावून बघा. फोनमध्ये जागा करायला म्हणून तुम्ही किंवा घरातल्या कोणी त्या ॲपमधून फोटो पुसले, तर ते क्लाउडवरूनही पुसले जातात, कारण ॲपच्या दृष्टीने फोन आणि क्लाउड मिळून एकच संग्रह आहे. पुसलेले फोटो काही काळ कचरापेटीत राहतात. गुगल फोटोजमध्ये क्लाउडवर गेलेले फोटो ६० दिवस, ॲपलच्या आयक्लाउडवर ३० दिवस. त्या मुदतीत लक्षात आलं तर ठीक. पण चार वर्षांपूर्वीचा एखादा अल्बम गेलाय हे महिन्या-दोन महिन्यांत कोणाच्या लक्षात येतं?

दुसरं कारण म्हणजे खातं. ते कोणी बळकावलं किंवा कंपनीने बंद केलं तर? दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. आईवडिलांच्या नावाने उघडलेली, फोटो टाकून विसरून गेलेली खाती यात येऊ शकतात.

फोन आणि क्लाउड असं एकसारखं ठेवण्याला सिंक म्हणतात. सिंकचं काम सगळीकडे सारखं चित्र ठेवणं, आणि ते काम तो चोख करतो, पुसण्यासकट. बॅकअपचं काम कालचं चित्र आज बदलू न देणं. सिंक जरूर ठेवा, फक्त त्याशिवाय आणखी एक प्रत हवी. गुगलच्या टेकआउट सुविधेतून सगळा संग्रह उतरवून घेता येतो. तो एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून ठेवा.

गणिती

'एवढं सगळं ठेवायला जागा कुठून आणणार' असा एक आक्षेप नेहमी येतो, म्हणून निदान समूहाच्या लेखनाचा हिशेब मांडतो.

अक्षरं संगणकात साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजायचे. शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून सरासरी सात चिन्हं धरली तर शब्दाला सुमारे २० बाइट. प्रत्येकी २०० शब्दांचे एक लाख प्रतिसाद म्हणजे दोन कोटी शब्द, म्हणजे साधारण ४० कोटी बाइट, ४०० एमबीच्या आसपास. यात तारखा, सदस्यक्रमांक, अनुक्रमणिका मिळवा, थोडं वाढेल. पण मजकूर दाबून लहान होतो, देवनागरी तर विशेषच, कारण तीनपैकी पहिला बाइट सगळीकडे तोच असतो.

म्हणजे एखाद्या मोठ्या समूहाने कित्येक वर्षांत केलेली सगळी चर्चा साध्या पेन ड्राइव्हवर मावते, अनेकदा मावते. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. मजकुराचा रोजचा बॅकअप न घेण्याला जागेचं कारण देता येत नाही.

जुना पिंपळ

मी बरीच वर्षं एका चर्चासमूहाचा तांत्रिक भाग बघतो. वाटाड्या यांनी मांडलेल्या प्रश्नाशी पूर्ण सहमत. समूह चालवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण या गोष्टी एकत्र कुठे मिळत नाहीत.

समूह म्हणजे फक्त डेटाबेस नव्हे. डेटाबेसमध्ये लेख, प्रतिसाद, सदस्य आणि व्यक्तिगत निरोप असतात. लोकांनी चढवलेली चित्रं आणि जोडपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगची फाईल तिसरीकडे, आणि डोमेनच्या नोंदी चौथीकडे. नुसता डेटाबेस परत आला तर जुन्या लेखांत चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, आणि प्रवासवर्णन किंवा पाककृती असेल तर तो लेख अर्धा गेलाच म्हणायचा.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाईली नुसत्या कॉपी करू नयेत. कॉपी होत असतानाच कोणी प्रतिसाद लिहितो आणि प्रतीत अर्धी नोंद आधीची, अर्धी नंतरची येते. डंप घ्यावा, म्हणजे डेटाबेसमधलं सगळं एका फाईलीत उतरवून घ्यावं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये इनोडीबी प्रकारची टेबलं असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय देऊन डंप घेतला की सगळं एका क्षणाचं चित्र मिळतं आणि लिहिणाऱ्यांना थांबावंही लागत नाही. जुनी मायआयसॅम टेबलं असतील तर मात्र हा पर्याय तसं चित्र देत नाही, डंप होईपर्यंत टेबलं लॉक करावी लागतात. कितीतरी जुन्या समूहांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, एकदा तपासून घ्या.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' म्हणून जे वर्षानुवर्षं मिळत होतं, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइटच मिळतात. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाहीत, त्यांना ४ लागतात. म्हणून 'यूटीएफ-८ एमबी-४' हवं. याहून वाईट प्रकार जुन्या समूहांत सापडतो. टेबल 'लॅटिन-१' (रोमन अक्षरांसाठीची पद्धत) म्हणून नोंदलेलं आणि आत देवनागरीचे बाइट भरलेले. संकेतस्थळावर सगळं नीट दिसत राहतं, कारण चुकीचं घालणं आणि चुकीचं काढणं एकमेकांना फेडतं. पण डंप घेऊन नव्या सर्व्हरवर चढवला की सगळीकडे प्रश्नचिन्हांच्या रांगा, नाहीतर टोपीवाली रोमन अक्षरं. टोपीवाली अक्षरं बहुधा परत सुधारता येतात. प्रश्नचिन्हं झाली तर मूळ बाइट गेलेले असतात, त्या डंपमधून काहीही परत येत नाही. हे संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, म्हणून डंप घेतल्यावर तो उघडून देवनागरी डोळ्यांनी वाचा.

आणि रिस्टोर करून पाहा, म्हणजे खरोखर दुसऱ्या यंत्रावर समूह उभा करा. सर्वात नवा प्रतिसाद कधीचा आहे? सदस्यसंख्या मूळ ठिकाणच्याइतकी आहे का? दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखातलं चित्र उघडतं का? जोडाक्षरं आणि अवग्रह शाबूत आहेत का? हे करण्याआधी त्या चाचणीच्या प्रतीतून मेल बाहेर जाणं बंद करायला विसरू नका. नाहीतर ती प्रत जागी झाल्याझाल्या साचलेल्या सूचना शेकडो सदस्यांना पाठवायला लागते. सर्च इंजिनांनाही तिथे मज्जाव करा.

कळफलक

जुना पिंपळ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. त्याला जोडून गिटलॅब या, सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्या सेवेचं उदाहरण.

३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. चूक कोणाकडूनही होऊ शकते. शिकण्यासारखं आहे ते पुढचं. बॅकअप आणि प्रतिकृती मिळून त्यांच्याकडे पाच व्यवस्था होत्या, आणि त्या वेळी पाचांपैकी एकीवरही भरवसा ठेवता आला नाही. रोजचा डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डंप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा. काम फसल्याच्या मेल निघत होत्या, पण मेलच्या पडताळणीत त्या नाकारल्या जात होत्या. त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही. वाचवलं ते एका प्रतीने, जी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतली होती. सहा तासांचं काम गेलं, बाकी परत आलं. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपणातून दाखवलं. त्यांच्या या मोकळेपणाचे आपण सगळ्यांनीच आभार मानायला हवेत.

मी यातून एक पद्धत घेतली. बॅकअप फसला तर निरोप यावा, यावर विसंबायचं नाही, कारण ज्या कारणाने बॅकअप फसतो त्याच कारणाने निरोपही अडकू शकतो. सर्व्हर बंद पडला, डिस्क भरली, मेल बंद झाली, की दोन्ही गप्प. उलट करायचं. बॅकअप यशस्वी झाला की त्याने दुसऱ्या ठिकाणच्या एका यंत्रावर हजेरी लावायची. ठरलेल्या वेळेत हजेरी लागली नाही की ते दुसरं यंत्र ओरडतं. हजेरीबरोबर फाईलचा आकारही पाठवायचा. रोज थोडा थोडा वाढणारा आकार एकदम घटला, तर काहीतरी बिनसलंय.

रानवाट

सगळे प्रती वाढवण्याबद्दल बोलताय, मला उलटी काळजी आहे. मी एका आधारगटात लिहिते. लोक तिथे आजारपण, घरातली भांडणं, असं बरंच काही टोपणनावाने, विश्वासाने लिहितात. व्यक्तिगत निरोपांत तर त्याहून जास्त. त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी म्हणजे ते बाहेर पडायच्या तीन वाटा. समूह चालवणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतो का?

जुना पिंपळ

रानवाट, अगदी योग्य मुद्दा काढलात. बॅकअप हा समूहाचा सर्वात नाजूक भाग असतो. संकेतस्थळावर कोणाला काय दिसावं याचे नियम असतात, डंपच्या फाईलला कसलेच नियम नसतात. ज्याच्या हाती लागली त्याला सदस्यांचे ईमेल, आयपी पत्ते, निरोप, सगळं उघडं.

सर्वात जास्त आढळणारा निष्काळजीपणा म्हणजे डंप संकेतस्थळाच्याच उघड्या फोल्डरमध्ये, 'बॅकअप' अशा सरळ नावाने ठेवणं. अशी नावं शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. डंप सर्व्हरबाहेर जाण्याआधी तिथेच कुलूपबंद म्हणजे एनक्रिप्ट व्हायला हवा. रेस्टिक आणि बोर्ग ही दोन्ही मोफत, मुक्तस्रोत साधनं हे करतात, शिवाय एकसारखे तुकडे पुन्हा पुन्हा साठवत नाहीत, त्यामुळे रोजचा बॅकअप हलका राहतो. मग तो ज्या क्लाउडवर ठेवलाय त्या कंपनीलाही आत काय आहे ते वाचता येत नाही. वाटाड्या यांनी सांगितलेली कोड स्पेसेसची गत टाळायला ज्या चावीने सर्व्हर बॅकअप पाठवतो त्या चावीला फक्त भर घालायची परवानगी असावी, पुसायची नसावी. म्हणजे सर्व्हरवर घुसखोर आला तरी मागच्या प्रती त्याच्या हाताबाहेर.

दुसरी गोष्ट सदस्यांच्या हक्काची. एखाद्या सदस्याने खातं आणि लेखन काढून टाकायला सांगितलं, आपण काढलं. महिन्याभराने काही बिघडलं आणि जुना बॅकअप चढवला, तर त्याचं सगळं लेखन पुन्हा जगापुढे! म्हणून काढून टाकलेल्या गोष्टींची नोंद, फक्त क्रमांकांची, नावांशिवाय, बॅकअपपासून वेगळी ठेवावी आणि रिस्टोर झाल्यावर समूह लोकांना खुला करण्याआधी ती पुन्हा लागू करावी. शिवाय फार जुन्या प्रती ठेवत राहू नये. रोजच्या काही, आठवड्याच्या काही, महिन्याच्या काही, आणि मुदत संपली की खरोखर नष्ट. ही मुदत सदस्यांना सांगितलेली असावी.

रानवाट

धन्यवाद. काढून टाकलेल्यांच्या नोंदीचं आमच्या गटाच्या संचालकांना आजच कळवते. पण कुलूप लावलं की किल्ली आली. ती कोणाकडे?

जुना पिंपळ

हो, आणि इथेच अनेक समूह बुडतात. रेस्टिकचा पासवर्ड गेला तर बॅकअप गेला, दुसरी वाट नाही. किल्ली कमीत कमी दोन माणसांकडे हवी, शक्यतो वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या. आमच्याकडे ती कागदावर छापलेली आहे, बंद पाकिटात. ती फक्त सर्व्हरवर ठेवणं म्हणजे घराची एकुलती किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं.

डोमेनचंही असंच. डोमेन ज्या खात्यावर नोंदलेलं आहे त्याचा संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडल्यावर ते सोडवायचा निरोप त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जातो. संपर्काचा ईमेल बाहेरचा ठेवा, आणि नूतनीकरणाची तारीख एकापेक्षा जास्त जणांच्या दिनदर्शिकेत हवी.

निशिगंध

वाचतोय सगळं, आदर आहे. पण स्पष्ट बोलू का? डंप, एनक्रिप्शन, हजेरी हे समूहवाल्यांचं झालं. घरातल्या माणसाला हे झेपणार नाही, आणि झेपणार नाही म्हणून तो काहीच करणार नाही. त्यापेक्षा दोन बाहेरच्या डिस्क घ्या, सगळं कॉपी करा, एवढं सांगितलं तर निदान तेवढं होईल. परिपूर्ण व्यवस्थेच्या नादात साधी व्यवस्था राहून जाते.

वाटाड्या

निशिगंध, तुमचं म्हणणं पटतं, आणि दोन डिस्क ही खरंच चांगली सुरुवात आहे. त्यात फक्त दोन अटी घाला. दोन्ही डिस्क एकाच वेळी संगणकाला जोडायच्या नाहीत, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवायची. यात काही शिकावं लागत नाही, पण यादीतली बहुतेक कारणं गळून पडतात. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर पोचतो, कपाटातल्या डिस्कवर पोचत नाही. दुसऱ्या घरची डिस्क हरवली तर? म्हणून ती पासवर्डने बंद करून ठेवा. मॅकमध्ये तशी सोय आहेच, विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर आहे, नसेल तर व्हेराक्रिप्ट मोफत मिळतं.

काढून ठेवलेल्या प्रतीचं मोल किती असतं, याचं माझ्या माहितीतलं सर्वात मोठं उदाहरण मार्स्क या जहाज कंपनीचं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम तिच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. कोणी कुठे लॉगिन करायचं ते ठरवणारे त्यांचे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे एखादा गेला तर बाकीचे आहेत असं धरलेलं होतं. सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो बंद होता. त्या एका सर्व्हरवरून कंपनीने पुन्हा उभारणी केली. तुमच्या कपाटातली डिस्क म्हणजे असा बंद असलेला सर्व्हर, फक्त नशिबाने नव्हे तर ठरवून ठेवलेला.

अबोली

व्हॉट्सॲपबद्दल कोणी सांगेल का? आमच्या घरच्या गटात आजोबांचे आवाजातले निरोप आहेत. ते कोणत्याही फोटोपेक्षा मोलाचे वाटतात मला.

कळफलक

अबोली, ते निरोप आधी व्हॉट्सॲपच्या बाहेर काढा. एकेक निरोप निवडून, शेअर करून फाईल म्हणून जतन करता येतो, किंवा अँड्रॉइड फोनच्या फाईलींमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरखाली आवाजी निरोपांचं वेगळं फोल्डर असतं, ते अख्खं संगणकावर कॉपी करा. त्या फाईलींना निव्वळ तारखेची नावं असतात, म्हणून कोणाचा, कशाबद्दल हे आताच नावात लिहून ठेवा, नंतर ओळखणं अवघड जातं.

व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप हा फोन बदलताना उपयोगी पडावा म्हणून आहे. क्लाउडवर ताजी प्रतच राहते, नवी आली की जुनीवर बसते. अँड्रॉइडवर फोनमध्ये शेवटच्या सातेक दिवसांच्या प्रती असतात. पण फोन गेला की त्याही गेल्या. ऑक्टोबर २०२१ पासून क्लाउडवरचा बॅकअप पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावून बंद करता येतो. जरूर करा, पण ती किल्ली कागदावर उतरवा, कारण हरवली तर कंपनीलाही तो उघडता येत नाही. 'चॅट एक्सपोर्ट' केलं की वाचण्याजोगी मजकुराची फाईल मिळते. ती परत व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही, पण आठवण म्हणून जपायला तीच जास्त टिकाऊ आहे, कारण ती उघडायला व्हॉट्सॲप लागत नाही.

रानवाट

आणि दुपदरी लॉगिनचे कोड! बॅकअपच्या खात्यात शिरायला फोनवरचा कोड लागतो, आणि बॅकअपची गरज पडते ती फोन हरवल्यावरच. गुगल अशा वेळेसाठी एकदाच वापरायचे १० कोड देतं. ते छापून कागदपत्रांबरोबर ठेवावेत. आमच्या ओळखीत एका कुटुंबात वडील गेल्यावर त्यांच्या खात्यातलं काहीच उघडता आलं नाही. गुगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय असते, आपण ठरवलेला काळ खातं वापरलं गेलं नाही की आपण निवडलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलने 'लेगसी कॉन्टॅक्ट' ही सोय २०२१ च्या अखेरीस आणली. आईवडिलांशी बोलून ते एकदा भरून घ्या.

निशिगंध

वाटाड्या, दोन अटी मान्य. आता माझा खरा प्रश्न. वडिलांनी लिहिलेले लेख जुन्या सीडींवर आहेत आणि ते युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले आहेत. फाईल उघडली की रोमन अक्षरांची भेळ दिसते. यांचा बॅकअप कसा घ्यायचा?

जुना पिंपळ

निशिगंध, आधी सीडी. लिहिता येण्याजोग्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो थर उन्हाने, दमटपणाने, वयाने खराब होतो. वाचता येतायत तोवर सगळ्या उतरवून घ्या. एखादी अडखळली तर सोडू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा चालते.

मग तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाईल आहे तशी, ज्या फॉन्टमध्ये ती टाईप केली त्या फॉन्टची फाईल, आणि युनिकोडमध्ये बदललेली प्रत. फॉन्टशिवाय मूळ फाईल वाचता येणार नाही. बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण रफार, र-जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत हमखास चुका होतात, कारण त्या फॉन्टांत ही चिन्हं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणून मूळ फॉन्टमध्ये उघडून एक पीडीएफही काढून ठेवा, म्हणजे पुढे कधी शंका आली तर ताडून पाहता येईल. मुद्रितशोधनाला मदत हवी असेल तर इथे विचारा, मी काही पानं घेईन.

अबोली

मीही घेईन. मराठी टंकलेखनाची सवय आहे.

निशिगंध

दोघांचेही मनापासून आभार, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. शेवटचं एक: हे सगळं डिस्कवर ठेवून डिस्क बहिणीकडे दिली, की मग किती दिवसांनी बघायची?

गणिती

वर्षातून दोनदा तरी जोडा. नुसती सुरू होते का एवढं पाहून भागत नाही, आतली एखादी फाईल गुपचूप बिघडलेली असू शकते. कॉपी करतानाच सगळ्या फाईलींचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारी खूण) काढून एका मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवा, आणि ती फाईल दोन्ही डिस्कवर ठेवा. डिस्क जोडली की पुन्हा चेकसम काढून ताडायचे, हे काम संगणक स्वतः करतो. एखादा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची तीच फाईल तपासा. तिचा जुळला, की तेवढी एक फाईल तिकडून इकडे कॉपी करा. असं दोन-तीनदा झालं तर ती डिस्क बदला.